एक लॉक, दोन मशिनं

मदरबोर्ड घरात आला त्या दिवशी सासऱ्यांनी विचारलं, "मदर का म्हणतात हिला?"

आमचा कॉम्प्युटरवाला ठाकुर्लीहून यायचा. दोन मुलांचा बाप, खांद्याला कायम एक फुगलेली पिशवी. तो स्क्रू पिळता पिळता म्हणाला, "सगळे हिलाच येऊन चिकटतात ना आजोबा, म्हणून."

मी आत पोळ्या लाटत होते. नाव ठेवणाऱ्यानं घर पाहिलेलं दिसतंय, असं मनात आलं, आणि तेवढ्यात तव्यावरची पोळी करपली.

ही नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या आणि एक गॅलरी. गॅलरीला काचा लावून तिथे मी माझं दुकान थाटलं होतं. दुकान म्हणजे दोन कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर आणि पाठीला उशी बांधलेली एक खुर्ची. नौपाड्यातले छापखानेवाले, छोटे प्रकाशक हस्तलिखितं पाठवायचे. मी ती टाइप करायचे, पानं लावायचे, ट्रेसिंग पेपरवर प्रिंट काढून द्यायचे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका, कवितासंग्रह. कवींचा त्रास सगळ्यात जास्त. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे करायला ते ठाण्याहून येत आणि दोन कप चहा पिऊन जात.

त्या वर्षांची आठवण काढली की आधी माझी मान दुखते, मग बाकीचं आठवतं. नवरा वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत शिफ्टला. त्याचा डबा, घरातलं सगळं, मग दिवसभर स्क्रीन. संध्याकाळी डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत अक्षरं सरकत राहायची. कुणी "घरबसल्या छान काम मिळालं हो तुम्हाला" म्हणालं की त्या बाईला त्या खुर्चीत एक दिवस बांधून ठेवावंसं वाटायचं.

सासरे आमच्याकडेच असायचे. त्यांनी नौपाड्यातल्या एका छापखान्यात पस्तीस वर्षं खिळे जुळवले. एकेक अक्षर लाकडी केसमधल्या त्याच्या त्याच्या खणातून उचलायचं आणि ओळ बांधायची. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मालकानं ऑफसेटवाल्यांपुढे हात टेकले, खिळे वजनावर विकले आणि छापखान्याला कुलूप लावलं. त्यानंतर दोन वर्षं सासरे खिडकीजवळच्या खुर्चीत नुसते बसून होते. जेवण अर्धं झालं. बोलणं त्याहून कमी. जुनी वर्तमानपत्रं ते घडी घालून सुतळीनं बांधायचे आणि दुसऱ्या दिवशी तोच गठ्ठा सोडून पुन्हा बांधायचे. ते बघणं मला नको व्हायचं.

मग मी कॉम्प्युटर घेतला, आणि एकदा कामाच्या गडबडीत चार पानांचं प्रूफ त्यांच्या पुढ्यात टाकलं. म्हटलं, "बाबा, जरा नजर टाकता का?" त्यांनी लाल पेन मागितलं. चार पानांत सतरा चुका काढल्या आणि वर मला ऱ्हस्व-दीर्घावरून झापलं. त्या दुपारी त्यांनी भात दुसऱ्यांदा वाढून घेतला. तेव्हापासून माझ्या हातून गेलेलं प्रत्येक पान त्यांच्या लाल शाईखालून जायचं. प्रूफ हेच त्यांचं औषध होतं. हे मला पक्कं माहीत होतं, आणि माहीत असूनही पुढचं सगळं मी केलं, म्हणून ते आधीच सांगून ठेवते.

नवा बोर्ड आणला तो एका वनस्पतिकोशासाठी. ठाण्यातल्या एका वयस्कर वैद्यांनी आयुष्यभर गोळा केलेलं, सातशे पानांचं, पानोपानी चित्रं. दिवाळीत प्रकाशन ठरलेलं. माझं जुनं मशीन चित्राचं पान उलटायला इतका वेळ घ्यायचं की तेवढ्यात भाजी निवडून व्हायची. कॉम्प्युटरवाला म्हणाला, "वहिनी, आता चांगल्यातला चांगलाच घ्या. एकदाच काय तो." लॅमिंग्टन रोडवरून त्यानं तो बोर्ड आणला, चंदेरी पिशवीतून दोन्ही हातांनी बाहेर काढला आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवला.

सासरे समोर बसले. खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरला उलटं वाचायची सवय असते. बोर्डाचं तोंड कॉम्प्युटरवाल्याकडे होतं, तरी त्यावरची मुंगीएवढी पांढरी अक्षरं ते पलीकडून भराभर वाचत होते. हे काय, ते काय, विचारून त्यांनी त्याला भंडावून सोडलं. त्यालाही कुणीतरी ऐकणारं मिळालं होतं. माझ्यासारखी गिऱ्हाइकं फक्त "चालेल ना?" एवढंच विचारतात.

"हे पांढरे चार स्लॉट नवीन कार्डांचे, आजोबा. एकदम फास्ट. डिस्प्लेचं इथं बसेल. रॅमच्या ह्या चार खाचा, आत्ता दोनच भरू, पुढे वाढवता येईल. आणि मागच्या बाजूला बघा. जुन्या मशीनला पोर्टांसाठी वेगळं कार्ड लागायचं. हिच्यात सगळं बोर्डावरच. कीबोर्ड, माउस, दोन सिरियल, प्रिंटरचं पोर्ट. बंद म्हटलं की आपली आपण बंद पण होते."

"आणि ही दोन चपटी भोकं?"

"ती पुढच्यासाठी. आत्ता त्यात लावायला बाजारात काहीच नाही."

"आणि हा काळा, लांब?"

"तो एकच ठेवलाय, जुन्या कार्डांसाठी."

"बरं केलं," सासरे म्हणाले. "जुन्यांना एक जागा ठेवली."

मग त्यांनी वहीचं पान फाडलं आणि त्यावर अख्खा बोर्ड पट्टीनं आखला. टाइपाच्या केसचा नकाशा काढायचे तसा. प्रत्येक खणात कुणी राहायचं ते सुवाच्य अक्षरात लिहिलं. पडदा. स्मरण. छपाई. कॉम्प्युटरवाला हसला, पण त्यानं तो कागद कॅबिनेटच्या झाकणाला आतून डिंकानं चिकटवला. उकाड्यात आत वारा खेळावा म्हणून ते झाकण त्यानं स्क्रू न लावता नुसतंच टेकवून ठेवलं.

आता लॉकचं सांगायला हवं. मराठी टाइप करायचं सॉफ्टवेअर तेव्हा नुसतं चालायचं नाही. त्याच्याबरोबर काडेपेटीएवढं एक लॉक मिळायचं. ते कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या पोर्टात खोचायचं आणि त्याच्या पाठीला प्रिंटरची वायर. लॉक नसेल तर सॉफ्टवेअर उघडणार नाही. एका सॉफ्टवेअरला एकच लॉक. आणि आमच्या धंद्यात सगळ्यांकडे मशिनं दोन, लॉक एक. मी जुन्या मशीनवर टाइप करायचे आणि नव्यावर पानं लावायचे. त्यामुळे दिवसातून दहा वेळा टेबलाखाली वाकायचं, ह्यातून लॉक खेचायचं आणि त्यात खोचायचं. बाजूचे दोन स्क्रू कुणीच पिळायचं नाही, कारण पुन्हा सोडायचेच.

कॉम्प्युटरवाल्यानं बजावून सांगितलं होतं, "वहिनी, लॉक काढताना मशीन बंद करायचं. चालू मशीनमधनं खेचलंत तर पोर्ट जाईल. जुन्याचं कार्ड बदलता आलं असतं, हिच्यात ते बोर्डावरच आहे."

मी मान हलवली होती. पण मशीन बंद करा, पुन्हा चालू करा, ते सावकाश जागं होईपर्यंत हातावर हात ठेवून बसा, असं दिवसातून दहा वेळा कोण करतं? दिवाळी तोंडावर आलेली. कोशाची अडीचशे पानं बाकी. मी चालू मशीनमधूनच खेचायचे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी नव्या मशीनमधून असंच लॉक खेचलं. पोर्टापाशी बारीकसं टक् झालं, आणि प्रिंटरचा हिरवा दिवा एकदा मिचकला. मी लॉक जुन्या मशीनला लावलं आणि संध्याकाळपर्यंत टाइप करत बसले. नवं मशीन तसंच बंद करून टाकलं.

दसऱ्याच्या सकाळी मी श्रीखंडासाठी चक्का फेटत होते. सासरे आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून गॅलरीत गेले. छापखान्यात असताना दसऱ्याला टाइपाच्या केसा पुसून, यंत्राला तेल देऊन, हळदकुंकू वाहायचं काम दरवर्षी त्यांच्याकडे असे. आणि पूजा झाली की त्या दिवशी यंत्राला हात लावायचा नाही, त्याला विश्रांती. हे ते मला दरवर्षी सांगायचे आणि दरवर्षी मी दुपारी मशीन चालू करायचे. पूजा म्हणजे मॉनिटरवर एक फूल, असा माझा समज. गॅलरीतून घंटी ऐकू आली. मी चक्का फेटत राहिले.

जेवणं उरकल्यावर मी लॉक नव्या मशीनला लावलं, मशीन चालू केलं. सगळं नेहमीसारखं सुरू झालं आणि सॉफ्टवेअर उघडताना पडद्यावर चौकट आली, लॉक सापडत नाही. काढलं, लावलं. फुंकर मारली. पुन्हा तेच. प्रिंटरही हलेना. मी वैतागून कॅबिनेटचं झाकण बाजूला केलं आणि आत पाहतच राहिले.

प्रत्येक स्लॉटच्या शेजारी एक हळदीची टिकली आणि एक कुंकवाची. रॅमच्या खाचांच्या टोकांना. पंख्याच्या चौकटीला. मागच्या पोर्टांच्या डोक्यावर ओळीनं. तळाशी चार अक्षता आणि झेंडूची एक पाकळी.

मी ओरडले. कशी ओरडले ते लिहायचीसुद्धा लाज वाटते, पण लिहिते. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं आत हात घालायला? तुमचा छापखाना बंद पडला, आता माझाही पाडा बंद! परत माझ्या मशीनला हात लावायचा नाही!"

सासरे दारात उभे होते. हातात पानाचा डबा होता. ते म्हणाले, "मी नुसतं प्लास्टिकला लावलं गं. पितळेला नाही लावलं कुठे."

मी म्हटलं, "जा तुम्ही इथनं."

आदल्या दिवशीचं ते टक् तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. आलं होतं. ओरडत असतानाच आलं होतं. पण समोर कुंकू दिसत होतं, आणि थकलेल्या माणसाला समोर जे दिसतं त्याच्यावर ओरडणं सोपं जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटरवाला आला. सासरे वाचनालयात पेपर वाचायला गेले होते. त्यानं झाकण काढलं आणि हसायलाच लागला. मग ब्रशनं आणि स्पिरिटच्या बोळ्यानं त्यानं एकेक टिकली पुसली. म्हणाला, "आजोबांनी किती नीट लावलंय बघा. एक पण टिकली पिनांवर नाही. ह्यानं काय होणारे?" मग त्यानं प्रिंटर लावून पाहिला, आणखी एक वायर लावून पाहिली आणि माझ्याकडे वळला.

"चालू मशीनमधनं लॉक काढलंत ना वहिनी?"

"एखाद वेळी."

"पोर्टची चिप गेलीय."

सातशे पानांचं पुस्तक आणि नवाकोरा बोर्ड. पण त्यानं पिशवीच्या तळातून एक जुनं, पिवळं पडलेलं पोर्टांचं कार्ड काढलं, त्या एकुलत्या एक काळ्या स्लॉटमध्ये दाबून बसवलं, सेटिंगमध्ये जाऊन बोर्डावरचं पोर्ट बंद केलं आणि लॉक ह्या कार्डाला लावलं. सॉफ्टवेअर उघडलं. अर्ध्या तासाचं काम. जाताना चपला घालत तो म्हणाला, "आजोबांना सांगा हां. बिचारे जिवाला लावून घेतील."

"सांगते," मी म्हटलं.

थोड्या वेळानं सासरे जिना चढून वर आले. चपला काढून, पाय धुऊन खुर्चीत बसले. मला वाटतं, बराच वेळ त्यांनी माझ्याकडे पाहिलं असावं. मी स्क्रीनकडे बघत होते.

"काय गं, झालं का मशीन?"

"झालं."

"कशानं बिघडलं होतं?"

तेव्हा सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. माझ्या तोंडून निघालं, "काय माहीत. त्यानं आत साफ करून दिलं, मग चालायला लागलं."

"बरं," ते म्हणाले.

पुढची पानं मी प्रिंट काढून नेहमीप्रमाणे त्यांच्या खाटेवर ठेवली. संध्याकाळी ती तशीच होती, वर पाण्याचा तांब्या ठेवलेला. विचारलं तर म्हणाले, "डोळे साथ देत नाहीत आता. तूच बघ." डोळ्यांना काही झालं नव्हतं. पेपरातल्या छोट्या जाहिराती ते चष्म्याशिवाय वाचायचे. मला कळत होतं. रोज ठरवायचे की आज सांगू. सांगायचं म्हणजे माफी मागायची, आणि त्या दिवसांत मला माफीसुद्धा आणखी एक काम वाटायचं, डबा आणि पानं आणि भांडी झाल्यावर करायचं. ते कधी उरकलंच नाही.

कोश दिवाळीत आला. दीड पान शुद्धिपत्र जोडून आला. त्यातली एकही चूक साडेचारशेच्या आधीच्या पानावर नव्हती. वैद्यबुवा फोनवर इतकंच म्हणाले, "पुढे पुढे घाई झालेली दिसते." सासऱ्यांनी पुस्तक हातात घेऊन चाळलं, शुद्धिपत्र वाचलं आणि पुस्तक कपाटात ठेवलं.

पुढच्या दसऱ्याला ते धुतलेलं धोतर नेसून गॅलरीच्या उंबऱ्यापर्यंत आले आणि तिथेच थांबले. हातात हळदकुंकवाचा करंडा. "तूच लाव सूनबाई," म्हणाले. "माझ्या हाताला ही यंत्रं मानवत नाहीत." करंडा पुढे केला आणि उभे राहिले. मी मॉनिटरला दोन बोटं टेकवली, फूल ठेवलं. ते आणखी थोडा वेळ उभे होते. काहीतरी बोलतील असं वाटून मीच कामाला लागल्यासारखं केलं. मग ते गेले. त्याच्या पुढच्या वर्षी तसंच. त्याच्याही पुढच्या वर्षी तसंच, फक्त तेव्हा त्यांना उभं राहायला चौकटीचा आधार घ्यावा लागला. त्या हिवाळ्यात ते गेले. शेवटच्या वर्षांत वर्तमानपत्रांचा गठ्ठा बांधणं आणि सोडणं पुन्हा सुरू झालं होतं.

पुढे काही महिन्यांनी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, तिचं लॉक त्या चपट्या भोकात बसणारं. चालू मशीनमधून ओढलं तरी काही होत नाही म्हणे. पण तो बोर्ड तोवर दमला होता. कॉम्प्युटरवाला नवा घेऊन आला. आता त्याचेही केस पिकायला लागले होते. जुन्या कॅबिनेटचं झाकण उघडल्यावर आतला कागद दिसला. पडदा, स्मरण, छपाई. डिंक सुटून एक कोपरा लोंबत होता. तो कागद त्यानं सावकाश सोडवून माझ्या हातात दिला.

काय झालं कुणास ठाऊक, माझ्या तोंडून निघून गेलं, "मी त्यांना सांगितलंच नाही रे. ते जाईपर्यंत त्यांना वाटत राहिलं की त्यांच्या कुंकवानंच बिघडलं."

तो स्क्रू पिळायचा थांबला. "नाय हो वहिनी. त्यांना माहीत होतं. मी त्याच दिवशी जिन्यात सांगितलेलं. मी उतरत होतो, ते वर येत होते. म्हटलं, आजोबा, तुमच्या पूजेनं काय नाय झालं, वहिनींनी चालू मशीनमधनं लॉक खेचलं."

"मग? काय म्हणाले?"

"बरं वाटलं त्यांना. हसले. म्हणाले, तू मला सांगितलंस हे तिला बोलू नकोस. ती सांगेल."

मी कागद घेऊन आत गेले आणि चहाचं आधण ठेवलं. गॅलरीचा उंबरा ओट्यापाशी उभं राहिलं की दिसतो. तीन दसरे ते करंडा घेऊन तिथे उभे राहिले होते.